वॉर्डातल्या मेंबरचं नाव सांगा

चहा येऊ दे सावकाश. आत्ता डोळे मिटून जी प्रार्थना केलीत तिच्याबद्दल मला बोलायचंय, आणि ते ऐकल्याशिवाय कुणी उठायचं नाही. नोकरीला लागला असाल, लग्नं झाली असतील, माझ्यासाठी तुम्ही अजून बाकावर बसलेली पोरंच आहात.

"गावच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या सर्व अधिकाऱ्यांना सुबुद्धी दे, आमेन." एका दमात उरकलंत. त्याआधी परीक्षेसाठी, व्हिसासाठी, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना झाली, ती मात्र नावं घेऊन. डॉक्टरांचं नाव आणि ऑपरेशनची तारीखसुद्धा देवाच्या कानावर घातलीत. मग गावाची पाळी आली आणि सगळी नावं कुठे गेली? आपल्या वॉर्डातून ग्रामपंचायतीवर कोण निवडून गेलंय? तू सांग. बरं, तू सांग. मागे बसलेल्या, तू? तिघांना विचारलं, तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मागच्या महिन्यात याच खोलीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसाठी पाच मिनिटं प्रार्थना झाली होती. आपण पितो त्या पाण्यात टीसीएल पावडर टाकणारा जलसुरक्षक कोण, हे तुमच्यातल्या एकालाही ठाऊक नाही.

याहून लाज वाटावी अशी गोष्ट सांगते. रत्नागिरी जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली नाही, कारभार प्रशासकाकडे गेला आणि वर्षामागून वर्षं तसाच राहिला. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की महाराष्ट्रातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत उरकण्याचा प्रयत्न करा. त्या सगळ्या काळात तुम्ही इथे बसून "आमच्या जिल्हा परिषद सदस्यांना आशीर्वाद दे" म्हणत होता. सदस्यच नव्हते! ज्या सभागृहातून आपल्या शाळा, आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, आपले रस्ते चालतात, तिथे लोकांनी निवडलेला एकही माणूस बसलेला नाही, हे तुम्हाला कळलंसुद्धा नाही. देवासमोर रडून मांडावी अशी ती गोष्ट होती. तुम्ही ती आशीर्वादाच्या यादीत टाकून मोकळे झालात.

आता कुणीतरी म्हणेल, बाई, देवाला सगळं माहीत असतं, त्याला नावं कशाला सांगायची. देवाला माहीत आहे, तुम्हाला नाही, म्हणून सांगायची. इंग्रजांच्या अमदानीत अँग्लिकन चर्चमधून राजासाठी प्रार्थना व्हायची ती त्याचं नाव घेऊन. सातासमुद्रापलीकडच्या, कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या राजाचं नाव आपल्या पणज्यांच्या तोंडी होतं. आणि ज्या बाईला आपण स्वतः मत देऊन सरपंच केलं, तिचं नाव आपल्या प्रार्थनेत यायला आपल्याला जड जातं.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय तुम्हाला पाठ आहे. संडे स्कूलमध्ये मीच करून घेतलाय. राजांसाठी आणि अधिकारावरच्या सगळ्यांसाठी प्रार्थना करा, म्हणजे सर्वांना शांतपणे जगता येईल. पण तीमथ्य त्या वेळी कुठे होता, हे कधी डोक्यात आलं? इफिसमध्ये. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात लिहिलंय. आणि इफिसमध्ये त्याआधी काय घडलं होतं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. तो अध्याय तुम्ही दंगलीची गोष्ट म्हणून वाचता आणि पुढे जाता. थांबा तिथे जरा.

देमेत्रिय नावाचा सोनार चांदीचे देव्हारे करून विकायचा. पौलाच्या शिकवणीनं धंदा बसेल म्हणून त्यानं कारागिरांना चिथवलं. शहर पेटलं. पौलाचे दोन सोबती, गायस आणि अरिस्तार्ख, यांना लोकांनी ओढत नाट्यगृहात नेलं. दोन तास आरडाओरडा चालला, आणि जमलेल्यांतल्या बहुतेकांना आपण कशासाठी जमलोय तेच माहीत नव्हतं. पौल आत जायला निघाला तेव्हा शिष्यांनी आणि तिथल्या काही अधिकाऱ्यांनी त्याला अडवलं. हे अधिकारी ख्रिस्ती होते असं तिथे लिहिलेलं नाही, पण पौलाचे स्नेही होते, असं स्पष्ट लिहिलंय. मग दंगल शांत कुणी केली? नगराच्या चिटणिसानं. आजच्या भाषेत सांगायचं तर कागदपत्रं सांभाळणारा, सभेचं काम चालवणारा माणूस. त्यानं लोकांना गप्प केलं आणि सांगितलं की या माणसांनी देवळं लुटलेली नाहीत, देवीची निंदा केलेली नाही. देमेत्रियाची तक्रार असेल तर न्यायालयं उघडी आहेत. आणि बाकी काही हवं असेल तर ते कायदेशीर सभेत ठरेल. एवढं बोलून त्यानं सभा संपवली. माणसं जिवंत घरी गेली.

ना दूत उतरला, ना भूकंप झाला. एका स्थानिक कारकुनाला आपलं काम येत होतं, कायदा ठाऊक होता आणि गर्दीपुढे उभं राहायचं धैर्य होतं, म्हणून ती दोन माणसं वाचली. अशा शहरात राहणाऱ्या तीमथ्याला पौल लिहितो की अधिकारावर असणाऱ्यांसाठी प्रार्थना कर. मला नाही वाटत त्या वेळी त्याच्या मनात एकटा रोमचा बादशहा असेल. तो चिटणीसही असणार. आणि तुमच्या प्रार्थनेत ग्रामसेवक कधी आला नाही, तलाठी आला नाही, पोलीस पाटील आला नाही. गावात उद्या दोन गटांत ठिणगी पडली तर रात्री दहा वाजता दोन्ही बाजूंच्या दारात उभा राहणारा पोलीस पाटीलच असतो. त्याच्यासाठी आजवर कुणी आमेन म्हटलंय?

त्या "सुबुद्धी दे"बद्दलही बोलायचंय. तुमचा सूर मला कळतो. ती प्रार्थना ऐकणाऱ्याला वाटावं की बुद्धी सगळी या खोलीत आहे आणि ग्रामपंचायतीच्या इमारतीत तिचा दुष्काळ पडलाय. आमेन म्हणून पाच मिनिटं होत नाहीत तोवर चहाच्या कपावर त्याच माणसांच्या जातीवरून, शिक्षणावरून, पक्षावरून बोलणं सुरू होतं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमधल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. कित्येक बाया पहिल्यांदा घराबाहेर पडून त्या खुर्चीवर बसल्या, आणि कित्येक जणींच्या वतीनं नवरा सही घेऊन फिरतो, हेही खरं. त्या बाईला पहिल्या सभेत बोलायचं धाडस व्हावं, ठराव तिला स्वतःला वाचून समजावा, यासाठी प्रार्थना करायची की "ही कसली सरपंच" म्हणून हसायचं? तुम्ही हसलात. मागच्या बुधवारी, याच चटईवर. मी ऐकलंय.

नहेम्याचं पुस्तक उत्पत्तीइतकंच मन लावून वाचा. यरुशलेमेची तटबंदी मोडून पडलीय हे ऐकून तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. इथवर तुम्ही सगळे त्याच्यासारखे आहात. पुढे तो काय करतो? राजा विचारतो, काय हवंय. नहेम्या मनात देवाचं नाव घेतो आणि लगेच मागतो: किती दिवस लागतील ते सांगतो, वाटेवरच्या अधिकाऱ्यांच्या नावे पत्रं मागतो, आणि राजाच्या वनाचा राखणदार आसाफ याच्या नावे लाकडाचा हुकूम मागतो. कुठल्या खात्याकडून काय मिळतं आणि त्यासाठी कागद कोणता लागतो, याचा त्यानं आधी अभ्यास केला होता. शत्रू चालून येणार कळलं तेव्हा त्यांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला, दोन्ही एकाच ओवीत आहे. कित्येकांनी तट बांधला तो आपापल्या घरासमोरचा. सावकारांनी गरिबांची शेतं आणि लेकरं गहाण घेतली तेव्हा त्यानं भरसभेत त्यांना जाब विचारला. आणि स्वतः बारा वर्षं सुभेदार असून सुभेदाराला मिळणारा भत्ता घेतला नाही. पंचायतीत निवडून गेलेल्या माणसासाठी काय मागायचं हे सुचत नसेल, तर हे मागा. त्याचे हात स्वच्छ राहोत, त्याला जाब विचारायचं आणि द्यायचं धैर्य मिळो, कामाचा कागद त्याला कळो.

आता ग्रामसभेकडे येते. माझा खरा राग तिथे आहे.

ग्रामपंचायत कायदा १९५८चा आहे. त्यात ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेली सगळी माणसं. म्हणजे तुम्ही. वर्षातून निदान चार सभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती किती? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तो. माणसं आली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. मग जे दहा-पंधरा जण येतील ते गावाचा आराखडा मंजूर करतात. पाइपलाइन कुठून न्यायची, कुठली पाखाडी आधी बांधायची, घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव धरायचं, सगळं त्या दहा-पंधरा जणांच्या हातात जातं. त्यांच्यावर नंतर आरोप कशाला करता? ते आले होते. तुम्ही नव्हता. महिलांची वेगळी सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते, हे इथल्या किती मुलींना माहीत आहे? पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता, हे किती जणांनी वाचलं? तुमच्या प्रार्थनेच्या वहीत मात्र दर उन्हाळ्यात "पाण्याची टंचाई दूर कर" असं लिहिलेलं असतं.

पाणी तर देव देतोच आहे. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जांभा दगड तो धरून ठेवत नाही, उतारावरून सगळं समुद्राला जातं आणि एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या वाड्या टँकरची वाट बघतात. पाऊस सरला की पऱ्यावर रिकाम्या सिमेंटच्या पिशव्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात. ग्रामपंचायत श्रमदानाला हाक देते. आपल्या तरुण संघातून किती जण पिशव्या भरायला गेले होते? रविवारी उपासना होती असं सांगू नका. उपासना साडेदहाला संपते.

याकोबाच्या पत्रात उघड्या-उपाशी भावाला "सुखात राहा, ऊब घे" एवढंच म्हणून वाटेला लावणाऱ्याबद्दल जे लिहिलंय, ते आपल्याबद्दल आहे असं मला ही वही बघताना वाटतं.

तुमच्यातल्या दोघा-तिघांनी मला परवा सांगितलं, की बाई, आम्ही फक्त आध्यात्मिक काम करतो, राजकारणात पडत नाही. पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही मोठ्या अभिमानानं घेता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे प्रार्थनेचं संजीवन झालं त्याच्या गोष्टी सांगता. मग आधीची गोष्टही सांगा. १८८२ साली पुण्यात हंटर कमिशनपुढे उभं राहून रमाबाईंनी बायकांसाठी स्त्री-डॉक्टर आणि स्त्री-शिक्षक मागितले. १८९७च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी इस्पितळात बायकांची जी आबाळ आणि बेअब्रू होत होती, तिच्यावर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिलं. विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत ते गाजलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारनं आरोप नाकारले. त्या वेळी रमाबाई ख्रिस्ती होऊन चौदा वर्षं झाली होती. राज्यकर्तेही ख्रिस्तीच, त्यांच्याच चर्चमधून त्या राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होत होत्या. एकट्या बाईनं त्या सरकारला सांगितलं की तुमच्या इस्पितळात माझ्या मुलींची अब्रू सुरक्षित नाही. तिच्या गुडघ्यांना प्रार्थनेची सवय होती आणि हाताला लेखणीची. तुम्ही पहिली सवय तेवढी उचललीत.

आणि वसई लांब नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो धर्मगुरू होते, 'सुवार्ता'चे संपादक होते, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसईची हिरवळ बांधकामवाले गिळत होते, विहिरींचं पाणी टँकरनं उपसून नेलं जात होतं, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते सगळ्यांच्या पुढे उभे होते. दहशत होती, धमक्या होत्या. त्या लढ्यात वसईचे ख्रिस्तीही होते आणि हिंदूही, कारण विहीर आटते तेव्हा ती सगळ्यांची आटते.

आपण मूठभर आहोत, पुढे गेलो की लोक संशय घेतात, हे तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. संशय आहे. प्रार्थना म्हटली की धर्मांतर, असं म्हणणारी माणसं आहेत आणि त्यांचा त्रास काही जणांनी सोसलाय. पण त्यावरचा इलाज घरात दडून बसणं कसा असेल? यिर्मयानं बाबेलात नेलेल्या बंदिवानांना पत्र लिहिलं: घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याचं हित बघा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचं कल्याण आहे. ते तरी परक्या मुलखात होते. तुम्ही याच मातीतले. नारायण वामन टिळक याच जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मले. तुम्हाला इथे कुणाच्या परवानगीनं राहायचं नाही. फक्त एक भान ठेवा. ग्रामसभेत उभे राहाल ते मतदार म्हणून. तिथे पाइपलाइनबद्दल बोला, येशूबद्दल नको. सरपंचांना "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" असं सांगत फिरायचीही गरज नाही. प्रार्थना दार लावून करायची, असं ज्यानं शिकवलं त्याचेच तुम्ही शिष्य म्हणवता.

निवडणुकीच्या आधी उमेदवाराला मंडळीसमोर उभं करून, डोक्यावर हात ठेवून, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा प्रकार बंद करा. मोठ्या शहरांत तो चालतो, इकडेही शिरायला लागलाय. ती प्रार्थना देवाकडे जात नाही, मतपेटीकडे जाते, आणि तिच्या बदल्यात दफनभूमीची भिंत मिळाली तरी ती भिंत मला नको. मागायचीच असेल तर ग्रामसभेत ठराव मांडून मागा, आणि त्याच ठरावात मुसलमानांच्या कब्रस्तानाची आणि हिंदूंच्या स्मशानाची शेडही मागा.

आपलं पावस हे साधंसुधं गाव आहे का? स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला वर्षभर माणसं येतात. १९७४ साली त्यांनी देह ठेवला, पण गावाची ओळख त्यांनीच घडवली. याच स्वामींनी तरुणपणी इथे स्वावलंबनाश्रम काढला होता आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत येरवड्याचा तुरुंगवास भोगला होता. ज्या गावात शेंबड्या पोरालाही पसायदान पाठ असतं, साऱ्या जगासाठी मागायचं असतं हे जिथे लहानपणीच कानावर पडतं, त्या गावात राहून तुम्ही आपल्या गटाबाहेरचं एक नाव घेत नाही. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळहून आलेली कुटुंबं पत्र्याच्या खोलीत राहतात. त्यांची पोरं शाळेत जातात की नाही, बघितलंय कुणी? पूर्णगडच्या खाडीतून होडी घेऊन निघणारे खलाशी, पावसाळ्यात रात्री खांबावर चढणारा वायरमन, पोत्याएवढी रजिस्टरं सांभाळणारी आशा ताई, पटसंख्येच्या काळजीत झुरणारा जिल्हा परिषद शाळेचा मास्तर. हा आपला समाज. यांच्यासाठी मागा. आणि मागितल्यावर जाऊन भेटा.

आता वह्या काढा. लिहून घ्या, उद्या विसराल. ग्रामपंचायतीच्या फलकावर ग्रामसभेची नोटीस लागते, ती प्रत्येकानं स्वतः जाऊन वाचायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवायचा नाही. मुलींनी महिला सभेची तारीख वेगळी टिपायची. सभेत विषयपत्रिका हातात घेऊन बसायचं, समजलं नाही तिथे हात वर करायचा, ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का ते विचारायचं. विरोध करायचा असेल तर उठून, सभ्य भाषेत. चांगलं काम झालं असेल तर तेही उठून सांगायचं. ज्याला वर्षभर शिव्याच ऐकाव्या लागतात त्या मेंबरला एकदा तरी भरसभेत आभार ऐकू येऊ देत. पुढच्या बुधवारी प्रार्थनेत ज्याच्यासाठी मागाल त्याचं काम काय आणि त्यात अडचण काय, हे आधी दोन वाक्यांत सांगायचं, नाहीतर मी मध्येच थांबवीन, आमेनपर्यंत जाऊ देणार नाही. आणि तुमच्यातल्या ज्यांची घरपट्टी नि पाणीपट्टी थकलीय, त्यांनी ती भरून, पावती घेऊन मगच या खोलीत यायचं.